जिवाणूंकडे प्रतिरोधाची जनुकं येतात कुठून आणि पसरतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटिबायोटिक-प्रतिरोधाबद्दल काही प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट मात्र सतत विचारत राहा: प्रतिरोधाचं जनुक जिवाणूच्या पेशीत नेमकं कुठे बसलं आहे? बरीचशी कोडी तिथूनच सुटतात.

१. प्रतिरोध येतो कोणाला? मला की जिवाणूंना?

जिवाणूंना. "माझ्या अंगाला आता या गोळीची सवय झाली" असं सर्रास म्हटलं जातं, पण अँटिबायोटिक आपल्या पेशींवर काम करतच नाही, त्यामुळे आपल्या अंगाला त्याची सवय होण्याचा प्रश्नच येत नाही. बदललेला असतो तो जिवाणू. म्हणूनच जन्मात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधी जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. जनुक आधीच दुसरीकडे कुठेतरी पसरलेलं असतं. सर्दी किंवा फ्लूवर ही औषधं चालत नाहीत तो भाग वेगळा. ते आजार विषाणूंचे आहेत आणि विषाणूंकडे या औषधांचं लक्ष्यच नसतं.

२. एखादं जनुक मिळालं की औषध निकामी होतं, म्हणजे ते जनुक करतं तरी काय?

जनुक म्हणजे एखादं प्रथिन बनवण्याची कृती. ते प्रथिन काय काम करतं यावर सगळं अवलंबून असतं. बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) पेनिसिलिनच्या गटातल्या, म्हणजे बीटा-लॅक्टम, औषधांचं कडं फोडतं. टेट्रासायक्लिनविरुद्ध बऱ्याचदा पंप असतात, आत आलेलं औषध ते लगेच बाहेर फेकतात. काही जनुकं औषधाचं लक्ष्यच बदलतात: एर्म जनुकाचं विकर रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, एक मिथाइल गट चिकटवतं आणि एरिथ्रोमायसिनला तिथे बसायला जागा उरत नाही. मेथिसिलिन या बीटा-लॅक्टम औषधाला दाद न देणाऱ्या एमआरएसए या कुप्रसिद्ध स्टॅफिलोकॉकसकडे मेक-ए जनुक असतं. त्यातून बनणारं प्रथिन पेशीभित्तिका बांधण्याचं काम नेहमीच्या प्रथिनासारखंच करतं, पण बीटा-लॅक्टम औषधं त्याला पकडू शकत नाहीत.

कधी एक जनुक पुरत नाही. व्हँकोमायसिनला दाद न देण्यासाठी भित्तिकेच्या विटेचं टोकच बदलावं लागतं, डी-अॅलनिनच्या जागी डी-लॅक्टेट बसवावं लागतं. त्यासाठी व्हॅन-ए संचातली निदान पाच जनुकं एकत्र लागतात. ती एकाच तुकड्यावर ओळीने बसलेली असतात आणि जातात तीही एकत्रच.

३. काही औषधं काही जिवाणूंवर मुळातच चालत नाहीत. तोही हाच प्रतिरोध का?

नाही, तो उपजत असतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, मग पेनिसिलिन कशावर चालणार? ग्राम-ऋण जिवाणूंना, म्हणजे ई. कोलायसारख्यांना, बाहेरून आणखी एक पटल असतं; त्या पटलातून व्हँकोमायसिनचा मोठा रेणू आत शिरत नाही. असा प्रतिरोध त्या जातीच्या घडणीचाच भाग असतो, इकडून तिकडे पसरत नाही. या पानावरचे बाकीचे प्रश्न मिळवलेल्या प्रतिरोधाबद्दल आहेत.

४. अँटिबायोटिकच्या संपर्कात आल्यामुळे जिवाणू प्रतिरोध 'शिकतात' ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि वर्तमानपत्री भाषेने तो आणखी घट्ट केला आहे. शिकत नाहीत. अब्जावधींच्या गर्दीत एखाद्या पेशीत डीएनएची नक्कल करताना चूक होते आणि त्या चुकीने योगायोगाने औषधाची पकड सुटते. औषध आल्यावर बाकीचे मरतात, हा एक वाढतो. बदल आधी, निवड नंतर.

याचा पुरावा अँटिबायोटिकचा बोलबाला व्हायच्या आधीचा आहे. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्युक यांनी ई. कोलायच्या अनेक नळ्या वेगवेगळ्या वाढवल्या आणि प्रत्येकीतले जिवाणू फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, लावलेल्या तबकड्यांवर पसरले. फाजच्या संपर्कामुळे जिवाणू बदलत असते तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवे होते. प्रत्यक्षात कुठे एकही नाही, तर कुठे ढीगभर. कारण ज्या नळीत बदल लवकर झाला तिथे त्याची प्रजा मोठी होती आणि जिथे उशिरा झाला तिथे मोजकी. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने एका तबकडीचे ठसे दुसऱ्या तबकड्यांवर उमटवले आणि दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिरोधी असलेले जिवाणू मूळ तबकडीवर, म्हणजे ज्यांना औषधाचा स्पर्शही झालेला नाही अशांतच, आधीपासून हजर होते.

या उत्तराला एक पोटकलम आहे: औषध बदल 'शिकवत' नसलं तरी घडामोडींचा वेग वाढवू शकतं. ते प्रश्न १३ मध्ये.

५. चूक इतकी दुर्मीळ, तर मग प्रतिरोध इतक्या झटपट कसा दिसतो?

संख्येमुळे. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात आणि एका विभाजनात साधारण हजारातल्या एका पेशीत नवा बदल होतो. अनुकूल परिस्थितीत ही पेशी २० मिनिटांत दुप्पट होते. रिफॅम्पिसिनला प्रतिरोध देणारा बदल ढोबळमानाने १० कोटींतल्या एका पेशीत सापडतो. ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटतं, पण गंभीर संसर्गात जिवाणूंची संख्या सहज तेवढी किंवा त्याहून जास्त असते. म्हणून क्षयरोगावर एकटं औषध देत नाहीत. दोन स्वतंत्र बदल एकाच पेशीत असण्याची शक्यता म्हणजे दोन शक्यतांचा गुणाकार, आणि तो आकडा कोणत्याही रुग्णातल्या जिवाणूंच्या संख्येपेक्षा कितीतरी दुर्मीळ ठरतो.

६. अँटिबायोटिक वापरात येऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत. मग त्यांना तोडणारी तयार जनुकं आली कुठून?

अँटिबायोटिक माणसाने शोधली, निर्माण केली ती आधी बुरशी आणि मातीतल्या जिवाणूंनी. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू ही रसायनं बनवतात आणि त्यांनी स्वतःच मरू नये म्हणून त्यांच्याकडे संरक्षक जनुकंही असतात. त्यांच्या शेजाऱ्यांनाही तसाच बचाव लागतो. ही चढाओढ माणसापेक्षा फार जुनी आहे. २०११ मध्ये युकॉनच्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतून काढलेल्या डीएनएत बीटा-लॅक्टम, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन यांना प्रतिरोध देणारी जनुकं सापडली. पेनिसिलिन मोडणारं विकर एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, त्या वेळी पेनिसिलिन दवाखान्यात पोहोचलंही नव्हतं.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण साळिंदराच्या लहानखुऱ्या काटेरी भाईबंदाचं, हेजहॉगचं आहे. त्याच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखं रसायन सोडते आणि तिच्याच सोबतीला राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये मेथिसिलिनला प्रतिरोध देणारं मेक-सी जनुक सापडतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वंशवेलीच्या अभ्यासानुसार हे वाण एकोणिसाव्या शतकापासून आहे. मेथिसिलिन बाजारात आलं १९५९ साली!

काही जनुकांचं मूळ घर नेमकं कळलं आहे. आज जगभर पसरलेली सीटीएक्स-एम बीटा-लॅक्टमेज क्लुयव्हेरा नावाच्या, सहसा कोणाच्या वाट्याला न जाणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रातून निघाली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला अंशतः प्रतिरोध देणारं क्यूएनआर-ए हे शेवानेला या पाण्यातल्या जिवाणूचं. तिथे ती जनुकं निमूट होती. ती हलत्या तुकड्यावर चढली तेव्हा गोष्ट बदलली.

७. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जनुक जातं ते कोणत्या वाटांनी?

आईकडून मुलीकडे, म्हणजे पेशी विभागताना, जनुक जातंच. त्याखेरीज आडव्या वाटा तीन. उघड्यावर पडलेला डीएनए उचलून घेणं, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन; फ्रेडरिक ग्रिफिथ यांना १९२८ मध्ये न्यूमोकॉकसवर काम करताना हा प्रकार दिसला आणि १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिओड व मॅकार्टी यांनी तो पदार्थ डीएनए असल्याचं दाखवलं. दोन जिवाणूंचा प्रत्यक्ष संपर्क, म्हणजे कॉन्ज्युगेशन. लेडरबर्ग आणि टेटम, १९४६. आणि फाजमार्फत, म्हणजे ट्रान्सडक्शन; झिंडर आणि लेडरबर्ग, १९५२. संपर्काची वाट प्रश्न ८ मध्ये, उघड्या डीएनएची १० मध्ये, फाजची ११ मध्ये.

इथे वारंवार होणारा एक घोटाळा: प्रत्येक जिवाणूला तिन्ही वाटा सारख्या खुल्या नसतात. आतड्यातल्या ग्राम-ऋण जिवाणूंत कॉन्ज्युगेशनचा वरचष्मा, न्यूमोकॉकसमध्ये ट्रान्सफॉर्मेशनचा, स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये फाजचा मोठा वाटा.

८. प्लाझ्मिड म्हणजे काय आणि सगळे त्याच्याच नावाने खडे का फोडतात?

प्लाझ्मिड हा गुणसूत्राबाहेरचा डीएनए, बहुधा गोल. तो स्वतःची नक्कल स्वतः करतो, आणि त्यातले काही स्वतःच दुसऱ्या पेशीत जाण्याची यंत्रणाही बाळगून असतात. देणारा जिवाणू पिलस नावाचा लांब तंतू बाहेर काढतो, घेणाऱ्याला धरून जवळ ओढतो. मग एक विकर प्लाझ्मिडच्या ठरावीक जागी डीएनएच्या दोन पदरांपैकी एक कापतं आणि तो पदर वाहिनीतून पलीकडे सरकतो. दोन्ही पेशी आपापल्या एकेरी पदराला जोडीदार बनवतात. शेवटी प्लाझ्मिड दोघांकडेही असतो. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, उलट घेणाराही आता देणारा होतो. म्हणूनच याचा पसार इतका झपाट्याने होतो.

वेळ किती लागतो? ई. कोलायचं आख्खं गुणसूत्र या वाटेने जायला सुमारे १०० मिनिटं लागतात. त्याच वेगाने एक लाख अक्षरजोड्यांचा मोठा प्लाझ्मिड दोन-अडीच मिनिटांत पलीकडे जातो. पेशी विभागायला २० मिनिटं लागतात हे लक्षात घेतलं की खडे का फोडले जातात ते कळेल.

हे प्रकरण उघड झालं जपानमध्ये. १९५०च्या दशकात तिथे आमांश घडवणारे शिगेला जिवाणू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद देईनासे झाले. त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येही हाच संच दिसला. चार वेगळे बदल एकदम होणं गणिताला धरून नव्हतं. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचिआई यांच्या गटांनी दाखवलं की हा संच दोन जातींमध्ये थेट संपर्काने जातो.

अलीकडचं उदाहरण एनडीएम-१ चं. कार्बापेनेम या राखीव औषधांना मोडणाऱ्या विकराचं हे जनुक २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएला या जिवाणूत ओळखलं गेलं आणि त्यानंतर अनेक जातींत, अनेक वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर सापडत गेलं. अशा वेळी 'साथ' जिवाणूची नसते, प्लाझ्मिडचीही नसते, जनुकाची असते.

९. एकाच जिवाणूत सहा-सात औषधांना प्रतिरोध कसा गोळा होतो?

कारण जनुकं पेशीच्या आतही जागा बदलतात. ट्रान्सपोझॉन म्हणजे उड्या मारणारे तुकडे. ते गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर, एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जातात आणि जाताना पोटातलं प्रतिरोधी जनुक नेतात. अशा उड्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात कितीतरी आधी पाहिल्या होत्या. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

त्याहून खुबीची रचना इंटिग्रॉनची. स्टोक्स आणि हॉल यांनी १९८९ मध्ये तिचं वर्णन केलं. यात एक विकर सुटी जनुकं पकडून, इंजिनाला डबे जोडावेत तशी, एकापाठोपाठ एक बसवतं. बहुतेक डब्यांना स्वतःची चालू-बंदची कळ, म्हणजे प्रवर्तक, नसते, सगळे पुढच्या एकाच प्रवर्तकावर चालतात. त्यामुळे पहिल्या जनुकाचं प्रथिन जास्त बनतं, शेवटच्याचं कमी. जिवाणूवर ताण आला की हे विकर जागं होतं आणि क्रम बदलू शकतो. मागे पडलेलं जनुक पुढे येऊ शकतं.

आता इंटिग्रॉन ट्रान्सपोझॉनवर, ट्रान्सपोझॉन प्लाझ्मिडवर आणि प्लाझ्मिड चार जातींत. या एकात एक बसलेल्या रचनेचा परिणाम असा की एक औषध वापरलं तरी निवड सगळ्या संचाची होते. याचे चटके प्रश्न १६ मध्ये दिसतील.

१०. मेलेल्या जिवाणूकडूनही जनुक मिळू शकतं का?

हो. पेशी फुटली की डीएनए बाहेर पडतो, आणि मातीच्या कणांना किंवा जैवपटलाला, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराला, चिकटून तो काही काळ टिकतो. न्यूमोकॉकस, हीमोफिलस, असिनेटोबॅक्टर, परम्याचा जिवाणू हे तो उचलण्यात पटाईत आहेत. परम्याचा जिवाणू तर जवळपास कायमच त्या तयारीत असतो.

उचललेला तुकडा पूर्ण जनुक असायलाच हवा असंही नाही. न्यूमोकॉकसने पेनिसिलिनला तोंड देण्यासाठी घशातल्या नातलग स्ट्रेप्टोकॉकसांच्या जनुकांचे तुकडे घेऊन आपल्या जनुकांत ठिगळं लावली. त्यातून पेनिसिलिनशी नीट न जुळणारी मिश्र प्रथिनं तयार झाली. पटकीचा जिवाणू आणखी पुढचा. समुद्रातल्या कायटिनवर, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कवचातल्या पदार्थावर, तो वाढतो तेव्हा शेजाऱ्याला विषारी भाला खुपसून फोडतो आणि त्यातून सांडलेला डीएनए पिऊन घेतो. हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं.

मात्र प्रत्येक सांडलेला डीएनए धोकादायक नसतो. तो तुकडे होऊन झपाट्याने नष्ट होत असतो, आणि आत शिरला तरी गुणसूत्रात सामावण्यासाठी बहुधा साम्य लागतं.

११. फाज जनुकं पसरवत असतील तर फाजने उपचार करणं म्हणजे आगीत तेल नाही का?

शंका रास्त आहे. ट्रान्सडक्शन म्हणजे फाजने आपल्या कवचात चुकून जिवाणूचा डीएनए भरणं आणि तो पुढच्या पेशीत सोडणं. यात मोठा हात असतो तो जिवाणूच्या गुणसूत्रात मुक्काम करणाऱ्या फाजांचा. २०१८ मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये याचा एक असा प्रकार सापडला की ज्यात गुणसूत्राचे लांबच लांब पट्टे फार मोठ्या प्रमाणात जातात. उपचारासाठी म्हणूनच मुक्काम न करता पेशी थेट फोडणारे फाज निवडतात आणि त्यांच्या जनुकसंचात प्रतिरोधाची किंवा विषाची जनुकं नाहीत ना हे तपासतात. धोका शून्य होत नाही, बराच घटतो.

१२. मग कोणताही जिवाणू कोणाकडूनही काहीही घेऊ शकतो?

नाही, आणि ही गोष्ट बातम्यांत हरवते. जिवाणूंकडे परका डीएनए कापणारी विकरं असतात, अनेकांकडे क्रिस्पर, म्हणजे आधी भेटलेला परका डीएनए ओळखून कापणारी यंत्रणा, असते. एका प्रकारचा प्लाझ्मिड असलेली पेशी तशाच दुसऱ्याला आत येऊ देत नाही. आत आलेलं जनुक नव्या पेशीत वाचलंच जाईल असंही नाही. औषधांना निर्ढावलेल्या एन्टेरोकॉकस या आतड्यातल्या जिवाणूंत क्रिस्पर बहुधा नसतं असं २०१० मध्ये दिसून आलं: पहारा उठला तेव्हा माल आत आला.

पण हे अडथळे अभेद्य नाहीत. व्हँकोमायसिन-प्रतिरोधी एन्टेरोकॉकस आणि एमआरएसए एकाच जखमेत राहतात, तेव्हा कधीतरी व्हॅन-ए संच उडी मारणार अशी भीती होती. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तसं घडलं. त्यानंतर मात्र हे प्रकार मोजकेच राहिले. शक्य आहे आणि पसरलं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३. अँटिबायोटिकमुळे ही देवाणघेवाण स्वतःच वाढते का?

काही बाबतींत नक्की वाढते. सिप्रोफ्लॉक्सासिनने डीएनएला इजा झाली की जिवाणू एसओएस नावाचा आणीबाणीचा प्रतिसाद चालू करतो. त्यात नक्कल करण्यातल्या चुकाही वाढतात. पटकीच्या जिवाणूत एसएक्सटी नावाचा प्रतिरोधी जनुकांचा हलता तुकडा आहे. एरवी तो स्वतःला दाबून ठेवतो. एसओएस चालू झालं की हा दाब सुटतो आणि तुकड्याचं स्थलांतर वाढतं. हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिसमधला असाच एक तुकडा टेट्रासायक्लिनच्या सान्निध्यात कितीतरी पट जास्त वेळा उडी मारतो, आणि गंमत म्हणजे टेट्रासायक्लिनचाच प्रतिरोध तो वाहून नेतो.

शिवाय औषध मारक पातळीला पोहोचायलाच हवं असं नाही. वाढ रोखणाऱ्या पातळीच्या शंभर पटीहूनही खाली काही औषधं प्रतिरोधी जिवाणूला स्पर्धेत पुढे काढतात, हे २०११ मधल्या प्रयोगांत दिसलं. सांडपाण्यातले अंश त्यामुळे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

१४. क्षयाच्या जिवाणूने प्रतिरोध कोणाकडून घेतला?

कोणाकडूनही नाही. इथे वरचं सगळं बाजूला ठेवावं लागतं. क्षयाच्या जिवाणूत आडवी देवाणघेवाण आज होताना दिसत नाही. त्याचा सगळा मिळवलेला प्रतिरोध स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांतून आला आहे. रिफॅम्पिसिनसाठी आरपीओ-बी या जनुकात, आयसोनियाझिडसाठी मुख्यतः कॅट-जी या जनुकात. त्यामुळे इथे जनुक पसरत नाही, प्रतिरोधी जिवाणू माणसाकडून माणसाकडे पसरतो. अनेक औषधांना प्रतिरोध इथे एकगठ्ठा मिळत नाही, अपुऱ्या किंवा चुकीच्या उपचारांत पायरीपायरीने साठत जातो.

१५. एवढी वर्षं पेनिसिलिन वापरूनही त्याला प्रतिरोधी न झालेला जिवाणू आहे का?

आहे: घसादुखी आणि संधिवाती ज्वराशी जोडलेला स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस. एरिथ्रोमायसिन आणि टेट्रासायक्लिनविरुद्धची जनुकं त्याने घेतली आहेत, म्हणजे दार बंद नाही. तरीही पेनिसिलिन त्याच्यावर आजही चालतं. पेनिसिलिनशी जुळणारी प्रथिनं बदलली तर त्याची वाढ खुरटते, हे एक सयुक्तिक कारण मानलं जातं. अलीकडे संवेदनशीलता किंचित घटवणारे बदल मिळाले आहेत, म्हणून नजर ठेवली जाते. सिफिलिसचा जिवाणूही पेनिसिलिनला अजून बळी पडतो.

१६. एखादं औषध वापरणं थांबवलं तर प्रतिरोध ओसरतो का?

कधी हो, कधी अजिबात नाही, आणि फरक कशाने पडतो हे समजून घेण्यासारखं आहे.

फिनलंडने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एरिथ्रोमायसिनच्या गटाचा वापर कमी केला. वरच्या प्रश्नातल्याच स्ट्रेप्टोकॉकसमधला त्याचा प्रतिरोध १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. ब्रिटनमध्ये त्याच दशकात सल्फा औषधांचा वापर जवळजवळ संपला, पण लंडनमधल्या एका रुग्णालयाच्या ई. कोलायच्या नमुन्यांत सल्फा-प्रतिरोध कमी झाला नाही, उलट थोडा वाढून ४६ टक्क्यांवर गेला.

प्रतिरोध बाळगण्याची किंमत जिवाणूला मोजावी लागते, वाढ मंदावते, म्हणून औषध गेलं की तो मागे पडावा हा तर्क बरोबर आहे. पण जिवाणू पुढच्या बदलांनी ती किंमत भरून काढतो. प्लाझ्मिडकडेही टिकून राहण्याचे डाव असतात: काही प्लाझ्मिड एक टिकाऊ विष आणि त्यावरचा अल्पायुषी उतारा असं दोन्ही बनवतात. प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीत उतारा संपतो, विष उरतं, पेशी मरते. आणि शेवटी सोबतीची निवड. सल्फाचं जनुक इंटिग्रॉनवर इतर औषधांच्या जनुकांशेजारी बसलेलं असतं. सल्फा थांबवलं तरी शेजाऱ्यांना लागणारी औषधं चालूच असतात.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा डेन्मार्कच्या डुकरांनी दिला. व्हँकोमायसिनचं भावंड असलेलं अव्होपार्सिन तिथे १९९५ मध्ये पशुखाद्यातून बंद झालं. कोंबड्यांत प्रतिरोधी एन्टेरोकॉकस घटले, डुकरांत मात्र हटेनात. कारण डुकरांतल्या जिवाणूंत व्हॅन-ए आणि मॅक्रोलाइडला, म्हणजे एरिथ्रोमायसिनच्या गटाला, प्रतिरोध देणारं एर्म-बी ही जनुकं एकाच प्लाझ्मिडवर होती, आणि डुकरांना टायलोसिन हे मॅक्रोलाइड अजून मिळत होतं. ते बंद झाल्यावर व्हँकोमायसिनचा प्रतिरोधही खाली आला.

१७. बरं वाटल्यावर गोळ्या थांबवल्या तर प्रतिरोध येतो, हे खरं ना?

अर्धं खरं. क्षयरोगात पूर्णपणे खरं, कारण प्रश्न १४ मध्ये आलं आहे. पण आतड्यात, त्वचेवर, घशात राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंचाही विचार करा. गोळी चालू असेपर्यंत त्यांच्यातही प्रतिरोधी जिवाणू पुढे येत राहतात, आणि प्रश्न ८ मधल्या वाटेने ते आपली जनुकं रोगकारक जिवाणूंना देऊ शकतात. या हिशेबाने गरजेपेक्षा लांबलेला कोर्स हाही तोटाच. २०१७ मध्ये काही ब्रिटिश संशोधकांनी 'कोर्स पूर्ण करा' या सरसकट उपदेशाला उघड आव्हान दिलं, आणि साध्या न्यूमोनियासह अनेक संसर्गांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स दिले जातात. मात्र दिवस डॉक्टरांनी ठरवायचे. स्वतःच्या मनाने थांबवणं आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवणं या दोन्ही गोष्टींना या चर्चेतून परवानगी मिळत नाही.

१८. जनावरांना दिलेल्या औषधांचा माणसाशी काय संबंध?

जनुकाला यजमान कोण याच्याशी देणंघेणं नसतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचं औषध, आणि पशुपालनात ते वाढीसाठी खाद्यातून दिलं जात होतं. तोवर माहीत असलेला कोलिस्टिन-प्रतिरोध गुणसूत्रातल्या बदलांचा होता, म्हणून फार चिंता नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ ची बातमी आली: प्लाझ्मिडवर बसलेलं कोलिस्टिन-प्रतिरोधी जनुक, डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. मग इतर देशांनी जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तर ते तिथेही आधीपासून होतं. चीनने २०१७ मध्ये खाद्यातला वापर बंद केला आणि त्यानंतर तिथे एमसीआर-१ चं प्रमाण घटलं. नीट शिजवलेल्या मांसात जिवाणू जगत नाहीत. कच्चं मांस हाताळणं, शेणखत, पाणी आणि जनावरांशी रोजचा संपर्क या वाटा उरतात.

१९. रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलं होतं, तरी औषध लागू पडलं नाही. लॅब चुकली का?

बहुधा नाही. काही जनुकं गप्प असतात आणि ठरावीक औषध आल्यावरच जागी होतात. स्टॅफिलोकॉकसमधलं एर्म जनुक क्लिंडामायसिन एकटं असताना झोपलेलं राहू शकतं. शेजारी एरिथ्रोमायसिनची चकती ठेवली की जागं होतं आणि क्लिंडामायसिनभोवतीचं वर्तुळ एका बाजूने चपटं, इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतं. म्हणून त्या तपासणीला डी-टेस्ट म्हणतात. एन्टेरोबॅक्टरमध्ये दुसरीच गत: सुरुवातीला सेफॅलोस्पोरिन चालतं, पण ते मोडणारं एम्प-सी विकर अखंड बनवणारे मोजके जिवाणू उपचारादरम्यान वर येतात.

शिवाय प्रतिरोध नसतानाही जिवाणू वाचतात. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिनमधून तगणाऱ्या अशा पेशींना 'पर्सिस्टर' म्हटलं. त्या बदललेल्या नसतात, वाढ थांबवून बसलेल्या असतात. त्यांची पुढची प्रजा पुन्हा औषधाला बळी पडते. गळू, कृत्रिम सांधा, कॅथेटरवरचं जैवपटल अशा ठिकाणी औषध पोहोचत नाही तो प्रश्न आणखी निराळा. उलटही घडतं, पीसीआर या डीएनए-तपासणीत जनुक सापडतं पण ते वाचलंच जात नसल्याने औषध चालतं.

२०. जंतुनाशक साबण आणि सॅनिटायझरमुळे प्रतिरोध वाढतो का?

दोन्ही एका मापाने मोजू नका. ट्रायक्लोसान जिवाणूच्या एका ठरावीक विकरावर काम करतं, त्यामुळे त्याला प्रतिरोध येतो, आणि पंपांमुळे तो अँटिबायोटिकांनाही जोडला जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती हात धुण्याच्या साबणांतून ते काढायला सांगितलं. अल्कोहोल पटल आणि प्रथिनं एकदमच मोडतं आणि लगेच उडून जातं; तिथे ही भीती फार कमी. क्वाटर्नरी अमोनियम प्रकारच्या जंतुनाशकांविरुद्धचं जनुक मात्र, थोडं मोडक्या रूपात, इंटिग्रॉनच्या नेहमीच्या सांगाड्यातच असतं. साध्या साबणाने हात धुणं या सगळ्याच्या बाहेर आहे.

२१. रुग्णालयात एकाच प्रकारचा प्रतिरोध अनेक रुग्णांत दिसला. जिवाणू पसरला की जनुक, हे कसं ओळखतात?

जिवाणूंचा संपूर्ण जनुकसंच वाचून. गुणसूत्रं मोजक्या अक्षरांचा फरक सोडता सारखी निघाली तर एकच वाण रुग्णाकडून रुग्णाकडे गेलं आहे. गुणसूत्रं वेगळी, अगदी जातीही वेगळ्या, पण प्लाझ्मिड तोच, तर प्लाझ्मिड फिरतो आहे. प्लाझ्मिडही वेगळे आणि त्यांतला एक तुकडा तेवढा सारखा, तर ट्रान्सपोझॉन. अडचण अशी की प्लाझ्मिडांवर एकसारखे पट्टे वारंवार येतात आणि छोटे छोटे तुकडे वाचणाऱ्या यंत्रांना ते नीट जोडता येत नाहीत. कोणतं जनुक कुठे बसलं आहे हेच नेमकं निसटतं. लांब पट्टे एका दमात वाचणारी यंत्रं आल्यापासून हे बरंच सोपं झालं. त्यातून काही ठिकाणी असं निघालं की क्लेब्सिएला, एन्टेरोबॅक्टर आणि ई. कोलायचे सुटे वाटणारे रुग्ण एकाच प्लाझ्मिडने जोडलेले होते आणि त्या प्लाझ्मिडचा मुक्काम हात धुण्याच्या बेसिनच्या नळीतल्या जैवपटलात होता. तिथे रुग्णांना वेगळं ठेवून भागत नाही, नळी बदलावी लागते.